ढगांच्या राज्यात वेणूबाईसाहेबांची स्वारी

श्रीकुलस्वामिनी आणि श्रीसूर्यनारायण, उभयतांचे चरणी मस्तक ठेवोन, समईत तेल घालोन, जे वर्तमान घडले ते लिहावयास घेतले असे. ऐकणारांनी पाय पसरोन बसावे, कारण या वर्तमानात चढ बहुत आहे आणि बसावयास जागा थोडी.

शके पंधराशे नव्वद, कीलक नाम संवत्सर, श्रावण वद्य पक्ष. ते समयी डोंगरचे एक राज्य होते आणि पठारचे एक राज्य होते, आणि उभय राज्यांत पूर्वीपासोन सरहद्दीचा कज्जा होता, तो त्याच साली वैशाखमासी सोयरीक होऊन मिटला. पठारच्या राणी वेणूबाईसाहेब, त्यांची एकुलती कन्या चिमाबाई, ती डोंगरच्या युवराजांस दिली आणि लग्न थाटाने जाहले. मग लेक डोंगरात गेली आणि इकडे वेणूबाईसाहेबांचे डोळ्यास डोळा लागेना. लेक लहानपणापासोन अबोल, आणि जेथे गेली तेथील माणसे काल-परवापर्यंत तलवारी उपसोन समोर उभी होती. तेव्हा त्यांनी कुलगुरूंस पुसोन चातुर्मासाचा नेम धरिला, तो असा की सूर्यनारायणाचे दर्शन जाहल्याविण त्या दिवशी अन्न मुखी घालू नये, आणि दर्शन घेतेसमयी एकच मागणे मागावे, की माझ्या चिमीला तेथे कोणीतरी आपली म्हणावे. गुरूंनी बजाविले की बाई, नेम मनात ठेवा, ओठांवर आणाल तर निम्मे फळ वाऱ्यावर जाईल. पठारावर पाऊस तो नावाचा, आणि ढग आले तरी सूर्यनारायण घटकाभरात पदर सारून पाहावे तैसे पाहात, म्हणोन नेम सुखे चालला. डोंगराचा विचार नेम धरताना कोणाचे मनात आला नाही. गुरूंचेही मनात आला नाही, कारण गुरू जन्मात घाट चढले नव्हते.

मग लेकीचा सासरचा पहिला श्रावण म्हणोन व्याह्यांचे आमंत्रण आले आणि वेणूबाईसाहेब बकुळा दासीस घेऊन निघाल्या. त्या दिवशी सकाळी घाटाखाली दर्शन घडले होते, म्हणोन रात्री डोंगरच्या वाड्यात चार घास जेवल्या. लेक दुरोन दिसली. डोईवर पदर, नजर भुईला, सासूच्या मागे उभी. बोलणे जाहले नाही, कारण वडीलधारी मंडळी होती. आणि जेवणे आटोपल्यावर डोंगरचे महाराज बोलिले की, "विहीणबाई पठारच्या. तिथं बघायला काय, ज्वारी आणि आभाळ. उद्या त्यांना आमचं राज्य सगळं दाखवा. धबधबे, बागा, कडे, एक ठेवू नका. दिवस मावळायच्या आत सगळं झालं पाहिजे." आणि ही कामगिरी देखावे-दारोगा हैबतराव यांजकडे सोपविली. हैबतराव म्हणजे पाहुणे हिंडविण्यात हयात घालविलेला गृहस्थ, हाती तांबडे निशाण, कमरेस शिंग, आणि प्रत्येक कड्याविषयी बोलावयाचे ते सारे पाठ. ते मुजरा करोन म्हणाले, "पहाटेच निघायचं. उगवतीच्या टोकावरनं सूर्योदय दिसतो, तसा त्रिभुवनात दिसत नाही." हे ऐकोन वेणूबाईसाहेबांस मोठे समाधान वाटले आणि आनंदाने रुकार दिला. महाराज स्वतः निघाले नाहीत. त्यांनी आपले राज्य पूर्वी पाहिले होते.

पहाटे शिंग वाजले आणि स्वारी निघाली. पुढे हैबतराव निशाण घेऊन, मागे वेणूबाईसाहेबांचा मेणा, त्यामागे विहीणबाई म्हणजे युवराजांच्या मातोश्री मथुराबाईसाहेब यांचा मेणा, मग जेवणाचा सरंजाम आणि हुजरे. आणि वेणूबाईसाहेबांनी पडदा सारोन मागे पाहिले तो काय, उभय विहिणींस मेणे आणि चिमाबाई पायी. डोईवर पानांचे इरले, एका हाताने सासूच्या मेण्याचा दांडा धरलेला, आणि लुगड्याचे काठ चिखलाने भरलेले. मध्येच सासूच्या पडद्याआडून हात बाहेर येई, काही खूण करी, आणि चिमाबाई लगबगीने वाकून पुढे होई. वेणूबाईसाहेबांचे काळजात कळ उठली. माझ्या लेकीस चालवितात, आणि चालविता चालविता कामेही सांगतात, ऐसे मनात आले. परंतु बोलल्या नाहीत. त्यांचा स्वभावच मऊ, आवाज ऐसा की शेजारच्यानेही कान द्यावा. पडदा सोडला, मांडीवर कापूस घेतला आणि देवाच्या वाती वळावयास लागल्या. रोजचा नेम होता तो, आणि हात हलता राहिला की मन थोडे थाऱ्यावर राही.

मग उगवतीचे टोक आले आणि सर्व मंडळी पूर्वेस तोंड करोन उभी राहिली. पूर्वेस धुके होते, पश्चिमेस धुके होते आणि मध्ये हैबतराव होते. अंधाराचे पांढरे जाहले, पांढऱ्याचे अधिक पांढरे जाहले, आणि मग हैबतराव मोठ्याने म्हणाले, "सूर्योदय झाला!"

बकुळा म्हणाली, "कुठं हो?"

"झालेला आहे. वेळेवर झाला. दिसणं न दिसणं वरच्याच्या हातात. चला, पुढं धबधबे आहेत."

आणि तेथेच न्याहारी मांडिली होती. गरम भाकरी, लोणी, हिरवी चटणी. मथुराबाईसाहेबांनी स्वहस्ते ताट पुढे केले. वेणूबाईसाहेबांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "नको, राहू दे." दुसरे बोलता येईना. खोटे सांगावे तर श्रावण, खरे सांगावे तर नेम जातो. मथुराबाईसाहेबांचा चेहरा उतरला, ताट झाकोन परत गेले, आणि हैबतरावांनी बकुळेस बाजूस घेऊन पुसले की, "काय गं, नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरी जेवायचं नाही, तसलं काही नाही ना?" ती म्हणाली, "काल रात्री जेवल्या की तुमच्यात." मग हैबतराव विचारात पडले आणि अखेर त्यांनी जे अनुमान काढिले ते डोंगरच्या राज्यात कोणीही काढिले असते. विहीणबाई रुसल्या. आणि रुसल्या विहिणीचा उपाय त्या राज्यात एकच माहीत, की मनधरणी करावी, आणि मनधरणी म्हणजे अधिक देखावे दाखवावे आणि अधिक वाढावे.

मग जे दाखविणे सुरू जाहले त्यास सीमा राहिली नाही. दुधाणीचा धबधबा दाखविला, तेथे दूध-पोहे पुढे केले, ते नको म्हटले. म्हणोन वाटेत नसलेला दुसरा धबधबा, आंधळा कोसळ, तो दाखविला, त्यासाठी मेणे उतारावरोन खाली गेले आणि त्याच उतारावरोन वर आले. हैबतराव निशाण उंच करोन म्हणत, "इकडं बघावं! हे पाणी वरून खाली पडतं!" आणि मंडळी मान हलवीत. तिसरा धबधबा, चौथा धबधबा, प्रत्येकापाशी पाणी तेच, गर्जना तीच, अंगावर तुषार तेच, आणि प्रत्येकापाशी झाकलेले ताट उघडोन पुन्हा झाकणे तेच. वेणूबाईसाहेब प्रत्येक जागी उतरत, धबधब्याकडे पाहाण्याऐवजी त्याच्या वर पाहात, जेथोन पाणी येई त्याच्याही वर, कोठे उजळले आहे काय म्हणोन. लोकांस वाटले की बाई तोंड फिरवोन उभ्या राहतात.

दोन प्रहरी हुजूरबाग आली. केळींचे घड वाकले होते, पेरू पिकोन त्यांचा वास ओल्या हवेत भरला होता, डाळिंबे फुटोन लाल दिसत होती. माळ्याने पाटावर पाने मांडिली, आंबेमोहोर भाताची वाफ उठली, वर तूप सुटले. वेणूबाईसाहेबांनी वाफेकडे पाहिले. वर पाहिले. झाडाच्या शेंड्यावर ढग बसला होता, तो उठावयाचे लक्षण दिसेना. मथुराबाईसाहेब म्हणाल्या, "विहीणबाई, निदान एक पेरूची फोड तरी. आमच्या हातचं नको असेल तर तुमची बकुळा कापून देईल." ऐसे बोलणे ऐकोन वेणूबाईसाहेबांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. "तसं नाही हो," इतकेच बोलल्या, आणि तेही कोणास ऐकू गेले नाही, कारण हैबतराव त्याच समयी पपनसाची महती सांगत होते. पाने तैसीच उचलली. आणि लेक सासूच्या मागे उभी राहोन आईकडे पाहात होती. तिच्या तोंडावर राग होता की काकुळती, हे धुक्यात कळेना.

बाग सोडोन स्वारी चढणीस लागली आणि मेणा हेलकावे खाऊ लागला. वाती वळोन जाहल्या होत्या. वेणूबाईसाहेब डोळे मिटोन पडल्या होत्या आणि भोयांस वाटले की बाईंस झोप लागली. मग पुढला भोई मागल्यास म्हणाला, "जेवली का रं बाई?"

"कुठली जेवती."

"मग आपण?"

"आपण देखावा बघायचा. बघ, किती झ्याक ढग आहे."

"माझ्या पोटात सक्काळपासनं धबधबा पडतोय, त्यो दाखीव म्हण दारोग्याला."

"हळू बोल. सगळ्यांचंच तसं आहे. पाव्हण्यानं पयला घास घेतल्याबिगर हितं राणीसुदिक जेवत न्हाई. ती म्हातारी आईसाहेब, ती धाकली सूनबाई, समदी उपाशी. चालत हाय बिचारी."

हे ऐकोन वेणूबाईसाहेब उठोन बसल्या. ही चाल त्यांस ठाऊक नव्हती, पठारावर ऐसी चाल नाही, तेथे ज्यास भूक लागेल त्याने बसावे. सकाळपासोन आपण एकट्याच उपाशी आहोत ऐसे समजोन त्या निश्चिंत होत्या, आणि येथे सारी स्वारी, हुजरे, भोई, माळी, म्हातारी विहीण, आणि पोटची लेक चिखल तुडवीत उपाशी. नेम धरिला लेकीसाठी, आणि त्याच नेमाने लेकीच्या तोंडचा घास अडविला. उद्या हे वाड्यात म्हणतील, सूनबाईची आई आली आणि राज्य उपाशी ठेवून गेली. आणि मग ती अबोल पोर जन्मभर ते ऐकत राहील. मग सांगोन टाकावे? सांगितले तर निम्मे फळ वाऱ्यावर जाईल, आणि ते निम्मे कोणाचे? चिमीचेच. न सांगता जेवावे? तरी चिमीचेच. जिकडून मोजावे तिकडून लेकच उणी पडे. मेण्याच्या भिंतीस डोके टेकविले आणि मनात म्हणाल्या, "नारायणा, एवढा एक कवडसा टाक. मोठा नको."

कवडसा पडला नाही. पाऊस पडला.

दिवस कलता मावळतीचा कडा आला, आणि ही स्वारीची अखेरची जागा. हैबतरावांचा आवाज एव्हाना बसला होता, निशाण भिजोन काठीस चिकटले होते, तरी ते कड्यावर उभे राहोन म्हणाले, "येथून एरवी चार राज्यं दिसतात. समोर जे दिसत नाही ते पहिलं." कोणी हसले नाही, कोणी पाहिले नाही. ज्यास जेथे दगड मिळाला तेथे तो बसला. भोई मेण्यास टेकले. जेवणाचे हंडे अखेरचे उतरविले, पण झाकणास कोणी हात लाविला नाही. वेणूबाईसाहेब एका खडकावर बसल्या आणि त्यांस वाटले की आता उठणे होईल ऐसे नाही. मग शेजारी कोणी उभे राहिले.

"विहीणबाई, इथं बसू का? गुडघे बोलतात माझे."

"बसा ना. जागा तुमचीच."

"जागा माझी कसली. डोंगर सगळा हैबतरावांचा." मथुराबाईसाहेब बसल्या आणि हुश्श केले. "दर पाहुण्याबरोबर मला यावं लागतं. तो आंधळा कोसळ मला इतका पाठ झालाय की झोपेत ऐकू येतो. एक बोलू? राग मानू नका."

"बोला."

"तुम्ही कशानं रुसलात ते मला ठाऊक आहे. पोरीला चालवलं म्हणून. आईचा जीव, दिसणारच. पण बाई, तिला मेणा सोसत नाही. वळण आलं की पोटात ढवळतं. लग्न होऊन आली, आणि तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन उभी. म्हणाली, आईसाहेब, मला मेण्यात उलटी होते, मी चालले तर चालेल का? मी म्हटलं, चाल की. आवळकाठी तेवढी चघळत जा. मीच देत असते पडद्यातनं."

लेकीस मेण्यात उलटी होते हे वेणूबाईसाहेबांस ठाऊक होते, जन्मापासोन ठाऊक होते. आणि पाठवणीचे वेळी त्यांनीच लेकीच्या कानात सांगितले होते, की सासरी असले काही बोलू नको, दात आवळोन बस. आणि त्या अबोल पोरीने आईचे न ऐकता ते परक्या बाईस सांगितले, आणि त्या बाईने ऐकोन घेतले.

मथुराबाईसाहेब आणखी जवळ सरकल्या आणि आवाज खाली नेला. "आणि दुसरं. ते तुम्ही बागेतच पाहिलं असेल, म्हणून सांगून टाकते. केळी चारली मी तिला. पदराआड दोन घेतली आणि मेण्यातनं तिच्या हातावर ठेवली. पाहुणा उपाशी असता घरचं माणूस जेवलं, असं आमच्या घराण्यात आजवर झालं नाही. मला ताप होता तेव्हा माझ्या सासूनं पाहुणे जेवेपर्यंत मला पेजसुद्धा दिली नव्हती. पण काय करू, तोंड एवढंसं झालं होतं हो पोरीचं. नाही बघवलं. ती नको नको म्हणत होती, मीच रागं भरले. तेव्हा अपमान झाला असेल तर तो माझ्या हातनं झालाय, तिला बोल लावू नका. माझी म्हणून सोडा तिला."

माझी, ऐसे ती बाई म्हणाली. वेणूबाईसाहेबांनी लेकीकडे पाहिले. ती थोडी दूर बसोन सासूची ओली पायताणे पुशीत होती, जैसे काही ती जन्मभर तीच पुशीत आली आहे, आणि तिच्या खांद्यावर जी शाल होती ती सकाळी सासूच्या खांद्यावर होती. मग वेणूबाईसाहेबांच्या मनात ऐसे आले, की जे मागावयाचे म्हणोन मी सकाळपासोन वर पाहाते, ते देणाऱ्याने केव्हाच देऊन ठेविले, आणि देताना तोंड दाखविण्याची त्यास गरज वाटली नाही. आणि दुसरे ऐसे आले, की या बाईने माझ्या लेकीसाठी आपल्या घराण्याची चाल मोडली, आणि मी माझ्या नेमास कवटाळोन बसले आहे. मागणे पुरे जाहले त्यावर नेमाचे काय काम? डोळे भरोन आले. ते पुसले आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, वाढा. मला फार भूक लागलीय."

मथुराबाईसाहेबांस प्रथम खरे वाटेना. मग त्या गुडघे विसरोन उठल्या आणि ओरडल्या, "अगं चिमे, पान मांड! आई जेवते तुझी!" आणि मग कड्यावर जी धांदल उडाली ती कोणत्याही लढाईत उडाली नसेल. हंडे उघडले, भात निवला होता तरी कोणी नाव ठेविले नाही. वेणूबाईसाहेबांनी पहिला घास घेतला, क्षणभर डोळे मिटले, आणि गिळला. आणि मग भोई, हुजरे, दासी, राणी, जो तो जेथे होता तेथे जेवू लागला आणि बोलणे बंद पडले. चिमाबाई आईच्या शेजारी येऊन बसली, मांडीस मांडी लावोन, आणि आईच्या पानावर पेरूची फोड ठेवोन हळूच म्हणाली, "आई, एवढा राग आला होता?"

"राग नव्हता गं. वाट बघत होते."

"कोणाची?"

तोच शिंग वाजले. ढगाचा काठ फाटला आणि पश्चिमेस सूर्यनारायण प्रकट जाहले, थोर, तांबडे, आणि चारी राज्ये, दऱ्या, कोसळते पाणी, खालच्या बागा, सारे एकदम सोन्याचे जाहले. हैबतराव कड्यावर नाचू लागले. "बघा! बघा! हाच तो! त्रिभुवनात दिसत नाही!" निशाण हलविले, पुन्हा शिंग फुंकिले. कोणी उठले नाही. भोयाने भाताचा मोठा घास घेतला आणि पाठ किंचित वळवोन ऊन घेतले. चिमाबाई मात्र आईचा हात हालवोन म्हणाली, "आई, बघ ना, आमचा सूर्य!"

वेणूबाईसाहेबांनी पाहिले. उजवा हात भाताने भरलेला, म्हणोन डावा हात कपाळास नेला. जैसा कोणी आप्त फार वाट पाहावयास लावोन पंगत बसल्यावर दारात यावा, तैसे त्यांनी त्याजकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "उशीर केलात. आम्ही बसलो."

मथुराबाईसाहेबांचा घास हातातच राहिला. त्यांनी सूर्याकडे पाहिले, मग विहिणीकडे पाहिले, मग सकाळपासोनची सारी झाकलेली ताटे त्यांचे डोळ्यांपुढोन गेली असावी. तूप वाढले. आणि मग चिमाबाई उठली, पान वाढोन घेतले आणि कड्यावर हैबतरावांपुढे नेऊन ठेविले, आणि त्यांनी अखेर निशाण खाली ठेवोन मांडी घातली.

येणेप्रमाणे वर्तमान. स्वारी सुखरूप परतली, धबधबे जेथे होते तेथे आहेत, चार राज्ये कोणी मोजली नाहीत. दुसरे दिवशी आभाळ झाकलेलेच होते आणि वेणूबाईसाहेब सकाळीच न्याहारीस बसल्या. पुढे घाट उतरोन पठारास लागल्या तेव्हा लख्ख ऊन पडले होते. मेणा थांबवोन खाली उतरल्या, सूर्यनारायणास नमस्कार केला, आणि त्या दिवशी मागणे काही मागितले नाही. इति.